दडपणात टिकणारा शब्द

आयईएलटीएस परीक्षेतल्या बोलण्याच्या चाचणीचा दुसरा भाग अनेकांना सर्वांत जड जातो. परीक्षक समोर एक कार्ड ठेवतात. त्यावर विषय आणि त्याखाली तीन-चार मुद्दे असतात. विचार करायला एक मिनिट मिळतं, टिपणासाठी कागद-पेन्सिल मिळते, आणि मग एक ते दोन मिनिटं एकट्यानं इंग्रजीत बोलायचं असतं. विषय तसे ओळखीचेच असतात: पाहिलेली एखादी स्पर्धा, आवडता खेळाडू, फार दडपण आलं होतं असा प्रसंग. ताण आणि खेळ हे विषय अशा परीक्षांत इतक्या वेळा फिरून येतात की तयारीच्या पुस्तकांत आणि क्लासच्या नोट्समध्ये त्यांच्या शब्दांना स्वतंत्र पानं दिलेली असतात. विद्यार्थी ती पानं प्रामाणिकपणे वाचतो, शब्दांखाली रेघा मारतो, अर्थ पाठ करतो. परीक्षेच्या खोलीत मात्र त्यातला एकही शब्द वेळेवर येत नाही आणि 'आय वॉज इन व्हेरी टेन्शन' असं काहीतरी तोंडून निसटतं. मग निदान होतं की इंग्रजी कच्चं आहे, किंवा पोरगं घाबरट आहे. पुष्कळदा ही दोन्ही निदानं चुकतात, असं माझं म्हणणं आहे. खोट असते ती शब्द शिकण्याच्या पद्धतीत. दडपणाखाली खेळाडूची कामगिरी का ढासळते आणि कुणाची का टिकते, याचा गेल्या काही दशकांत जो अभ्यास झाला, त्यातून ही पद्धत कशी असावी हे बरंच उलगडतं. विद्यार्थी ज्या विषयाचे शब्द घोकत बसतो, तोच विषय ते शब्द कसे घोकू नयेत हे सांगत असतो.

एखादा शब्द 'येतो' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. वाचताना किंवा ऐकताना शब्द दिसला की अर्थ कळणं ही एक, आणि अर्थ मनात असताना शब्द स्वतःहून तोंडी येणं ही दुसरी. न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी शब्दज्ञानाच्या अभ्यासात हा भेद सविस्तर मांडला आहे. कोणत्याही शिकणाऱ्याला ओळखता येणारे शब्द खूप असतात आणि वापरता येणारे त्यापेक्षा कितीतरी कमी. बोलण्याच्या चाचणीत गुण देण्याचे चार निकष असतात आणि शब्दसंपदा हा त्यातला एक. म्हणजे पाव गुण त्यावर अवलंबून. ते पाव गुण फक्त दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाला मिळतात. परीक्षक 'कम्पोजर' शब्दाचा अर्थ विचारत नाहीत. निर्णायक क्षणी डोकं शांत ठेवणाऱ्या खेळाडूबद्दल बोलताना तो शब्द तुमच्याकडून येतो का, आला तर योग्य जागी बसतो का, आणि नाहीच आला तर तुम्ही तोच आशय दुसऱ्या शब्दांत सांगून पुढे जाता का, एवढंच ते पाहतात. वहीचं पान वाचताना यातलं काहीच घडत नाही, कारण शब्द आणि अर्थ दोन्ही डोळ्यांसमोर असतात. वाचणाऱ्याला मात्र दर फेरीत ते पान अधिक सोपं वाटू लागतं आणि त्या सोपेपणालाच तो तयारी समजतो.

हा समज किती फसवा आहे हे २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगानं दाखवलं. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थांसह शिकवले. एकदा बरोबर आठवलेला शब्द पुढे काय करायचा, यात गटागटांत फरक ठेवला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, पण त्याची चाचणी दिली नाही. काहींनी तो पुन्हा वाचला नाही, मात्र दर फेरीत अर्थ झाकून आठवत राहिले. आठवड्यानंतर आठवत राहिलेल्यांना सुमारे ८० टक्के शब्द सांगता आले. नुसतं वाचत राहिलेल्यांना जेमतेम एक तृतीयांश. शिकताना सगळ्यांची प्रगती सारखीच झाली होती. आठवड्यानं किती शब्द आठवतील असं वाटतं, या प्रश्नाचं उत्तरही सगळ्यांनी जवळपास सारखंच, निम्म्याच्या आसपास, दिलं होतं. म्हणजे आपली पद्धत कामाची आहे की नाही, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी हा निष्कर्ष फार गंभीरपणे घ्यायला हवा. तीन तास वही उघडी ठेवून बसलेला मुलगा आळशी नसतो. आपण शिकत आहोत असं त्याला मनापासून वाटत असतं.

वाचण्याऐवजी आठवणं हा पहिला बदल. दुसरा बदल त्या पानाच्या रचनेतच करावा लागतो. 'ताण' या शीर्षकाखाली 'स्ट्रेस', 'प्रेशर', 'टेन्शन', 'स्ट्रेन', 'अँग्झायटी' हे शब्द एकाखाली एक मांडलेले असतात आणि बहुतेकांपुढे ताण किंवा दडपण हाच अर्थ लिहिलेला असतो. दिसायला हे सोयीचं आहे. थॉमस टिंकहॅम यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत मात्र उलटंच दिसलं: अर्थानं एकमेकांच्या अगदी जवळचे नवे शब्द एकत्र शिकवले की ते शिकायला जास्त वेळ लागतो, कारण ते एकमेकांत घुसतात. शर्ट, जाकीट, स्वेटर असे एकाच वर्गातले शब्द एका बैठकीत शिकणाऱ्यांपेक्षा परस्परांशी संबंध नसलेले शब्द शिकणारे लवकर पुढे गेले. नंतरच्या काही अभ्यासांत हा फरक इतका ठळक दिसला नाही. ज्यांना ते शब्द आधीपासून थोडेफार माहीत आहेत, त्यांना अशी यादी उजळणीसाठी उपयोगी पडू शकते, हेही मान्य करायला हवं. पण अगदी नवे शब्द पहिल्यांदा भेटत असतील तर पाच समानार्थी शब्दांची रांग ही भेटीची चांगली जागा नव्हे. परीक्षेत होणाऱ्या चुका पाहिल्या तरी हे पटतं. 'स्ट्रेन' म्हणजे स्नायूला बसलेला ताण आणि 'स्ट्रेस' म्हणजे मनावरचा, असं ज्यानं एकाच संध्याकाळी पाठ केलं, तो पुढे कोणता कुठला याच गोंधळात अडकतो, आणि तो गोंधळ सोडवायला बोलता बोलता सवड मिळत नाही.

टिंकहॅम यांच्याच प्रयोगांत याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. बेडूक, तळं, उडी मारणं, हिरवा असे एकाच प्रसंगात सापडणारे शब्द एकत्र शिकवले तर ते अधिक सहज बसले. एका वर्गातले शब्द एकमेकांशी भांडतात आणि एका गोष्टीतले शब्द एकमेकांना धरून ठेवतात. मग ताण आणि खेळ या विषयासाठी गोष्ट कुठून आणायची? मराठी विद्यार्थ्याला दूर जावं लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक पदक. अंतिम फेरीत आधी गुडघा टेकून, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून नेम धरायचा असतो. कुसाळे सुरुवातीला मागे होता आणि उभ्या स्थितीपर्यंत येत येत वर सरकला. या एका फेरीत विषयाचे बहुतेक शब्द आपापल्या जागी उभे आहेत. रायफल जड असते, म्हणून स्नायूंवर 'स्ट्रेन' येतो. छातीची धडधड नळीच्या टोकाला जाणवते, म्हणून 'हार्ट रेट' आणि श्वास ताब्यात ठेवावा लागतो. गुणफलक सगळ्यांना दिसत असतो आणि एकेक नेमबाज बाद होत जातो, म्हणून 'प्रेशर' वाढत जातं. त्यात जो हलत नाही त्याचा 'कम्पोजर'. मागून येऊन पदक गाठणं म्हणजे 'अंडर प्रेशर' कामगिरी. आता 'प्रेशर' आणि 'स्ट्रेन' यांची अदलाबदल होणं अवघड आहे, कारण एक शब्द गुणफलकाशी बांधलेला आहे आणि दुसरा खांद्याशी. शिवाय कार्डावर आवडता खेळाडू आला काय, दडपणाचा प्रसंग आला काय, सांगण्यासारखं काहीतरी हातात असतं. ज्याच्याकडे सांगायला काही नाही त्याला शब्दही सुचत नाहीत, ही गोष्ट शब्दयाद्यांच्या नादात फार दुर्लक्षित राहते.

विषय समजून घेण्याचा आणखी एक फायदा आहे. अनेक नोट्समध्ये उलट्या यू अक्षराची आकृती असते: ताण कमी असला की कामगिरी कमी, मध्यम असला की उत्तम, फार झाला की पुन्हा घसरण. तिला यर्क्स आणि डॉडसन यांचा नियम म्हणतात आणि निबंधात तो ठोकून दिला जातो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांचा मूळ प्रयोग १९०८ सालचा आहे आणि तो खेळाडूंवर झालाच नव्हता. उंदरांना दोन वाटांपैकी योग्य वाट ओळखायला शिकवायचं आणि चुकलं की विजेचा सौम्य किंवा तीव्र झटका द्यायचा, असा तो प्रयोग होता. ओळख सोपी असताना झटका जितका तीव्र तितकं शिकणं लवकर झालं. ओळख अवघड केल्यावरच मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला. खेळाडूची कामगिरी आणि मनाचा ताण यांचा आलेख नंतरच्या लोकांनी त्यावर चढवला. खेळाच्या मानसशास्त्रात यूरी हानिन यांनी पुढे दाखवून दिलं की प्रत्येक खेळाडूचा उत्तम पट्टा वेगळा असतो. कुणी शांत असताना चांगला खेळतो तर कुणी चांगलाच तापलेला असताना. हे ठाऊक असलेला विद्यार्थी निबंधात 'मॉडरेट स्ट्रेस इज गुड' असं एकच वाक्य लिहून थांबत नाही. काम किती अवघड आहे आणि करणारा कोण आहे, यावर ते अवलंबून असतं असं तो लिहितो. तिथे त्याला तुलनेची, अटींची, अपवादाची भाषा लागते, आणि वरच्या गुणपातळीला नेणारी भाषा तीच असते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ऐन वेळी नक्की काय बिघडतं? फुटबॉलच्या पेनल्टी शूटआउटचा अभ्यास करणारे नॉर्वेचे गेइर योर्डेट आणि त्यांचे सहकारी यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या शेकडो फटक्यांची नोंद तपासली. हा गोल झाला की सामना जिंकला, अशा फटक्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा गोल झाला होता. हा हुकला की हरलो, अशा फटक्यांत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास उतरलं. दोन्हीकडे अंतर तेच होतं आणि चेंडूही तोच. रॉय बॉमायस्टर यांनी १९८४ साली याची एक कारणमीमांसा मांडली: दडपण आलं की माणूस स्वतःच्या हालचालीवर पहारा करू लागतो आणि एरवी आपोआप होणारी क्रिया त्या पहाऱ्यामुळे अडखळते. दुसरं कारण याच्या उलट दिशेचं आहे. चिंता मनाची जागा व्यापते आणि हातातल्या कामासाठी लक्षच उरत नाही. शियन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दोन्ही गोष्टी आढळल्या: गोल्फच्या सरावलेल्या फटक्यात पहिलं कारण प्रबळ, तर डोक्यात आकडे धरून करायच्या गणितात दुसरं. परदेशी भाषेत बोलणाऱ्याला दोन्ही एकदम भोवतात. काळ चुकला का, 'द' लागतो का, असा पहारा तो प्रत्येक वाक्यावर करतो, आणि समोरच्यानं भुवई उंचावली का याची चिंता उरलेलं लक्ष खाऊन टाकते. शब्द शोधायला डोक्यात जागाच राहत नाही.

याला शरीराचीही बाजू आहे. ताणाची घटना सुरू झाल्यानंतर साधारण वीस-तीस मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसोल वाढून शिखराला पोचतं. डॉमिनिक द कर्व्हां आणि सहकाऱ्यांनी २००० साली निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात आदल्या दिवशी शिकलेले शब्द आठवायला सांगितले. चाचणीच्या तासभर आधी ज्यांना त्याच कुळातलं कॉर्टिसोन दिलं होतं, त्यांना शब्द कमी आठवले. तेच औषध शिकण्याआधी किंवा शिकल्यानंतर लगेच दिलं तर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे ताण शिकलेलं पुसून टाकत नाही. ते बाहेर काढण्याची वाट तेवढी अडवतो. परीक्षेहून घरी परतताना बसमध्ये सगळे शब्द धडाधड आठवू लागतात त्याचं कारण बहुधा हेच. २०१६ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या अॅमी स्मिथ, व्हिक्टोरिया फ्लोर्के आणि आयाना थॉमस यांनी यापुढचा प्रश्न विचारला: शिकण्याची पद्धत बदलली तर ही वाट उघडी राहील का? १२० जणांपैकी निम्म्यांनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहून शिकली, निम्म्यांनी आठवून आठवून. दुसऱ्या दिवशी काहींना परक्या माणसांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावून चांगलाच ताण दिला आणि मग परीक्षा घेतली. पाहून शिकलेल्यांची आठवण ताणाखाली घसरली. आठवून शिकलेल्यांची घसरली नाही. या लेखातला माझा सगळा दावा ज्या एका पुराव्यावर उभा आहे, तो हा. आठवण्याचा सराव केल्यानं शब्द जास्त तर होतातच, शिवाय नेमक्या ताणाच्या वेळी ते हाताशी राहतात.

इथे कुणी म्हणेल की प्रयोगशाळेतला ताण आणि परीक्षेचा ताण यांत फरक आहे. आहेच. म्हणून खेळाडू ज्या मार्गानं जातात त्याचा आधार घ्यावा लागतो, आणि तो मार्ग म्हणजे सरावातच दडपण आणणं. बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ साली नवशिक्यांना गोल्फचे फटके शिकवले. एका गटाचा सराव व्हिडिओ कॅमेऱ्यासमोर झाला आणि ही फीत तज्ज्ञ पाहणार आहेत असं त्यांना सांगितलं होतं. पुढे खरं दडपण आणल्यावर याच गटाची कामगिरी ढासळली नाही, इतरांची ढासळली. नेदरलँड्सच्या राउल औदेयान्स यांनी लोकांना चढाईच्या भिंतीवर टांगून डार्ट फेकायला लावले. जमिनीपासून उंच असण्याची किंचित भीती वाटत असताना ज्यांनी सराव केला, ते अधिक भीतीतही टिकले. सरावातली भीती खऱ्या प्रसंगाइतकी मोठी असायला लागत नाही, हा यातला दिलासा. कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतरची 'डू ऑर डाय' चढाई सामन्यात प्रथमच अनुभवू नये म्हणून सरावात घड्याळ लावून ती घोटून घेतली जाते, त्यामागचं तत्त्वही हेच आहे.

पण याच ठिकाणी एक पुरावा विरुद्ध बाजूनं येतो आणि तो टाळून चालणार नाही. पीटर मॅकिन्टायर आणि रॉबर्ट गार्डनर या कॅनडातल्या संशोधकांनी १९९४ साली संगणकावर फ्रेंच शब्द शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर मध्येच व्हिडिओ कॅमेरा आणून ठेवला. कॅमेरा आला त्या टप्प्यावर चिंता वाढली आणि शब्द शिकणं मंदावलं. मग कॅमेरा तारतो की मारतो? दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले तर उत्तर मिळतं. कॅनडातल्या विद्यार्थ्यांसाठी शब्द अगदी नवे होते आणि कॅमेरा एकाच बैठकीत अचानक उगवला होता. गोल्फवाल्यांना तो शेकडो फटके मारताना सोबत होता, त्यामुळे त्यांना त्याची सवय व्हायला वेळ मिळाला. तेव्हा दडपण कधी आणायचं याला क्रम आहे. नवा शब्द पहिल्यांदा भेटतो तेव्हा शांतता हवी, चुकायची मुभा हवी. तो झाकून आठवता येऊ लागला, एक-दोन दिवसांच्या अंतरानंतरही येऊ लागला, की मग घड्याळ लावावं, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करावं, एका मिनिटाची तयारी आणि दोन मिनिटांचं बोलणं असा परीक्षेचाच साचा धरावा. आपल्याकडे बहुधा उलटं घडतं. वर्गात नवा शब्द शिकवतानाच चारचौघांत उभं करून चुकीवर हसणं होतं, आणि परीक्षा जवळ आली की घरी दार लावून एकट्यानं वाचन. दडपण नको तिथे येतं आणि हवं तिथे येत नाही.

या मांडणीवर जाणत्या शिक्षकांचा पहिला आक्षेप असा असेल: याद्यांना इतकं वाईट ठरवू नका, हजारो मुलं याद्यांवरच पास झाली. या आक्षेपात तथ्य आहे. एका बाजूला शब्द आणि दुसऱ्या बाजूला अर्थ असे कागदाचे तुकडे करून शब्द शिकणं ही अत्यंत परिणामकारक पद्धत आहे, असं नेशन स्वतः सांगत आले आहेत. पण तुकडा उलटण्याआधी उत्तर आठवावं लागतं, यातच त्याची ताकद आहे. एका पानावर छापलेल्या यादीत ते आठवणं गळून पडतं. अॅव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासग्रंथांमधल्या शब्दांची जी प्रसिद्ध यादी केली, तीत ५७० शब्दकुळं आहेत आणि 'स्ट्रेस' त्यांतलं एक. काय शिकायचं हे निवडायला अशी यादी उत्तम. फक्त तिच्याकडून निवडीच्या पलीकडची अपेक्षा ठेवू नये. तुकड्यावर लिहितानाही सुटा शब्द लिहिण्यापेक्षा तो ज्यांच्यासोबत चालतो ते शब्द लिहावेत. 'कोप' हा शब्द 'विथ'शिवाय परीक्षेत उपयोगाचा नाही, आणि 'होल्ड हर नर्व्ह' मधला 'नर्व्ह' एकटा पाठ केला तर डॉक्टरी अर्थाकडे नेतो. अर्थाची बाजू वर ठेवून इंग्रजी आठवण्याची दिशा जास्त वापरावी, कारण बोलताना प्रवास त्याच दिशेनं होतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. परीक्षेला महिना राहिलाय, नोकरी सांभाळून किंवा रुग्णालयातली पाळी संपवून अभ्यास करायचा, मग आठवणं आणि बोलणं यांना सवड कुठून काढायची? परदेशी जाऊ पाहणाऱ्या परिचारिकांची आणि विद्यार्थ्यांची ही अडचण खरी आहे. पण वेळ कमी असणं हेच या पद्धतीच्या बाजूचं कारण आहे. कार्पिकी-रोडिगर यांच्या प्रयोगात येत असलेला शब्द परत वाचण्यात घातलेला वेळ जवळजवळ वाया गेला होता. दीडशे शब्द पाच वेळा वाचण्याऐवजी चाळीस शब्द पाच वेगवेगळ्या दिवशी झाकून आठवले आणि त्यातले बारा-पंधरा प्रत्येक बोलण्यात वापरले, तर वेळ तेवढाच किंवा कमी लागतो. दीडशेतले एकशेदहा सुटल्याची हुरहुर लागेल, पण ते एकशेदहा तसेही परीक्षेच्या खोलीत आले नसते.

तिसरा आक्षेप मन घट्ट करण्याचा. भीती हाच शत्रू असेल तर तिच्यावरच उपाय करा, श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, शब्दांच्या मागे का लागता? खेळात ताण कमी करण्याची ओढ किती टोकाला जाते ते २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसलं. उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याच्या शरीरात हृदयाची धडधड मंदावणारं प्रोप्रानोलोल सापडलं आणि त्याची दोन पदकं काढून घेतली गेली. भीतीकडे पाहण्याची दृष्टी बदलल्यानं फरक पडतो, हेही सिद्ध झालेलं आहे. जेरेमी जेमिसन यांनी २०१० साली जीआरई या प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांना आधी सांगितलं की धडधड वाढणं कामगिरीला मारक नसतं, उलट मदत करू शकतं. ज्यांना हे सांगितलं त्यांचे गणिताचे गुण सरावात आणि पुढे खऱ्या परीक्षेतही वाढले. भाषेच्या विभागात मात्र असा फरक दिसला नाही. एका प्रयोगावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरी तर्क सरळ आहे: गणितात मोकळं झालेलं लक्ष लगेच कामाला लावता येतं, पण जो शब्द कधी आठवून पाहिलाच नाही तो मन शांत झाल्यानं जिभेवर येत नाही. श्वास आणि धीर हवेतच. त्यांच्यामुळे शब्दापर्यंतची वाट मोकळी राहते. वाटेच्या टोकाला शब्द असावा लागतो, तो सरावातूनच येतो.

उरला एक आक्षेप, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो: हे सगळं शहरातल्या मुलांना जमेल. गावात इंग्रजी बोलायला आहे कोण, आणि सरावाच्या तोंडी परीक्षांचे पैसे कुठून आणायचे? याचं पूर्ण उत्तर शाळा-महाविद्यालयांनी द्यायला हवं आणि ते त्यांनी अजून दिलेलं नाही. पण दडपणाचा सराव करायला ऐकणाऱ्याचं इंग्रजी फार चांगलं असावं लागत नाही. स्मिथ यांच्या प्रयोगात ताण आणणारी माणसं काही शिकवत नव्हती. ती फक्त समोर बसून निर्विकार चेहऱ्यानं पाहत होती. ग्रामपंचायतीतले लिपिक, निवृत्त गुरुजी, टपाल कार्यालयातल्या ताई, कुणीही चालेल. हातात घड्याळ घेऊन समोर बसावं, चिठ्ठ्यांतून विषय काढून द्यावा, मान डोलावू नये, मध्ये शब्द सुचवू नये आणि दोन मिनिटं झाली की थांबवावं, एवढंच त्यांचं काम. चुका नंतर रेकॉर्डिंग ऐकून स्वतः शोधता येतात. आठवड्यातून दोनदा माणूस बदलावा. रोजचा मित्र या कामाला शक्यतो घेऊ नये, कारण त्याच्यासमोर अडखळलं तरी काही वाटत नाही, आणि काही वाटलंच नाही तर त्या दिवशी दडपणाचा सराव झाला असं म्हणता येत नाही.